गोठा आधी हलवा, मग माणसं हलतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. तरुण मंडळाकडे वर्गणीचे थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून रबरी बोट घ्यावी का, आणि पावसाळ्याआधी गावाने आणखी काय तयारी करावी? मी बरीच वर्षं दूध संस्थेचं काम पाहिलं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर याच पट्ट्यात काढले. त्या जोरावर लिहितो, जरा लांब होईल.

बोटीचं शेवटी बोलू. आधी गोठ्याचं ठरवा.

आपल्याकडे माणसं पुरात अडकतात ती बहुतेक जनावरांपायी. दवंडी झाली, पोलीस येऊन गेले, तहसीलदार हात जोडून गेले, तरी घरचा कर्ता म्हणतो, ‘बायकापोरांना न्या, मी म्हशींजवळ थांबतो.’ त्याला दोष कसा देणार? चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर घर चालतं. आपत्ती निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, तेही एका कुटुंबाला तीन मोठ्या जनावरांपर्यंतच. बाहेर पडलेल्यांतलेही कितीतरी जण सकाळ-संध्याकाळ धारा काढायला छातीभर पाण्यातून परत गावात येतात. पुरातल्या सगळ्यात धोक्याच्या खेपा त्याच. म्हणून माझं मत पक्कं आहे: जनावरं कुठे जाणार, कशी जाणार आणि तिथे त्यांचं दूध कोण घेणार, हे मे महिन्यात ठरलेलं असेल तर जुलैत माणसांना विनवण्या कराव्या लागत नाहीत.

सुरुवात दूध संस्थेच्या रजिस्टरपासून करा. कोणत्या गल्लीत कुणाकडे किती दुभती आहेत, हे त्याच्याइतकं ताजं कुठल्याच सरकारी यादीत सापडत नाही. त्यात भाकड, बैल, वासरं आणि शेळ्या जोडा. मग गावाची जी उंच जागा असेल, गायरान, माळ किंवा हायस्कूलचं मैदान, तिथे गल्लीवार जागा आखून द्या. बैल वेगळ्या बाजूला, कारण चार घरचे बैल शेजारी बांधले की झुंजतात. एका म्हशीला दिवसाला निदान पन्नास लिटर पाणी लागतं. तेव्हा शंभर जनावरं असतील तर रोज पाच हजार लिटरचा टँकर कुठून येणार, हे आत्ताच बोलून ठेवा.

वैरणीचंही तेच. कडब्याच्या गंज्या सोयीसाठी नदीकडच्या मळ्यात रचलेल्या असतात आणि पहिल्या फुगीतच वाहून जातात. प्रत्येक घराने थोडा कडबा मे अखेर माळावर नेऊन ताडपत्रीखाली रचावा. ज्यांना जमेल त्यांनी मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या भराव्यात. नीट बंद केलेली पिशवी भिजली तरी आतलं बिघडत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या, कारण छावणीत जनावरं दाटीने राहिली की रोग पसरायला वेळ लागत नाही.

जनावरं ट्रॉलीत चढवणं हे एक वेगळंच काम आहे. सवय नसलेली म्हैस फळीवर पाय ठेवत नाही. अंधारात, पावसात तर नाहीच. ट्रॉली मागे घेऊन एखाद्या बांधाला किंवा मातीच्या चढाला अशी लावा की फाळका आणि जमीन एका पातळीत येतील. वर थोडा पालापाचोळा टाका आणि ओढाळ नसलेली, जुनी म्हैस आधी चढवा. बाकीच्या तिच्या मागे जातात. अशी जागा प्रत्येक गल्लीत एक तरी हेरून ठेवा आणि उन्हाळ्यात एकदा खरोखर चढवून बघा. गोठ्यात दाव्यासाठी एका ओढीत सुटणारी गाठ वापरा. शिवाय माणसाच्या खांद्याच्या उंचीला खुंटीवर एक धारदार विळा कायम टांगलेला असू द्या. भिजून ताणलेली गाठ बोटांनी सुटत नाही. वेळ अगदीच हातची गेली तर दावी कापून स्वतः बाहेर पडा. म्हैस पोहते, बांधलेली म्हैस मात्र बुडते.

आता हलायचं कधी? इथे बहुतेक गावं चुकतात, कारण सगळ्यांचं लक्ष उंबऱ्याकडे असतं. पाणी उंबऱ्याला लागायच्या कितीतरी आधी ओढ्याने मागून शिरून रस्ता तोडलेला असतो. त्यामुळे इशाऱ्याची खूण घराजवळ नको, बाहेर पडायच्या रस्त्याच्या सगळ्यात सखल जागी हवी. तिथल्या मोरीवर किंवा खांबावर २०१९ आणि २०२१ ची पातळी ऑइलपेंटने रंगवा. त्याच्या बरंच खाली दोन पट्टे मारा, खालचा पिवळा आणि वरचा लाल. पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलं की जनावरं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका हलणार. लाल पट्ट्याला लागलं की उरलेलं सगळं गाव. हे ग्रामसभेत ठरवा, म्हणजे ऐनवेळी ‘अजून बघू’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

आपलं पाणी आपल्या आभाळातून येत नाही, हे नव्या पोरांना आवर्जून सांगा. इकडे ऊन पडलेलं असतं आणि तिकडे भुदरगड, राधानगरीत कोसळत असतो. वेदगंगेसाठी पाटगाव धरण आणि तिथला पाऊस बघायचा, दूधगंगेसाठी काळम्मावाडी. कृष्णाकाठच्या येडूर, कल्लोळ, मांजरीकडच्यांनी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (३९ फूट इशारा, ४३ फूट धोका) आणि राजापूर बंधाऱ्यावरचा विसर्ग बघायचा. आपली वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा आपल्या शिवारात येतो. पहिले भिवशी-जत्राट, सिदनाळ-अक्कोळसारखे बंधारे पाण्याखाली जातात. ती बातमी आली की ट्रॉल्यांना डिझेल भरून ठेवायचं.

निरोप पोचवायला मंडळातली दोन माणसं नेमा. सरकारी सूचना बहुधा कन्नडमधून येतात आणि आपल्याकडची बरीच म्हातारी माणसं त्या वाचू शकत नाहीत. ज्याला दोन्ही भाषा चांगल्या येतात त्याने ती सूचना मराठीत बोलून ग्रुपवर टाकावी आणि देवळाच्या भोंग्यावरूनही सांगावी. वीज गेली की भोंगा बंद पडतो, म्हणून बॅटरीवरचा हातातला कर्णा घ्या. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची ‘वरुणमित्र’ हेल्पलाइन आहे, पावसाचा अंदाज तिथे विचारता येतो. वळवाच्या दिवसांत वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप चार-पाच जणांच्या मोबाइलवर असू द्या.

सीमेवरची एक अडचण बाहेरच्या कुठल्याच पत्रकात सापडणार नाही. आपले मोबाइल कधी इकडचा टॉवर धरतात, कधी महाराष्ट्राचा. ११२ लावला तर फोन पलीकडच्या राज्याच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून फोन उचलताच गाव, तालुका, जिल्हा आणि ‘कर्नाटक’ हे आधी सांगायचं, मग अडचण. १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर, त्याचंही तेच. तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचा थेट नंबर, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), लाइनमन आणि पशुवैद्य यांचे नंबर दूध संस्थेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

दवाखान्याचंही नीट ठरवा. आपल्या पेशंटांचा ओढा कोल्हापूरकडे असतो, जवळ पडतं म्हणून. पण २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि तो रस्ताच बंद झाला. त्या दिवसांत बेळगावकडेच जावं लागतं, आणि ते अंतर जवळपास दुप्पट आहे. आशाताईंना सगळं गाव तोंडपाठ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायका, डायलिसिसवरचे, इन्सुलिन घेणारे अशी यादी त्यांच्याकडून करून घ्या. या लोकांनी पिवळ्या पट्ट्याचीही वाट बघू नये. पाणी चढायला लागलं की नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ जाऊन राहावं, औषधं पंधरवड्याची बरोबर.

साप हा दुसरा धोका, पाणी चढताना आणि ओसरताना दोन्ही वेळा. चावलं तर आवळपट्टी नको, ब्लेडने कापणं नको, मांत्रिक तर नकोच. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश नोंदणी बंधनकारक केली आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आहे का, हे पंचायतीने जूनमध्येच विचारावं.

घर सोडताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवायचा, जमिनीचा उतारा, रेशन कार्ड, पासबुक प्लॅस्टिकमध्ये. या सगळ्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. जनावरांचे कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढा, घराचेही चारी बाजूंनी काढा. पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या भिंतीपेक्षा उभ्या भिंतीचा फोटो जास्त उपयोगी पडतो. मेलेलं जनावर पशुवैद्याने बघितल्याशिवाय पुरू नका, नाहीतर भरपाई अडते.

काळजी केंद्राबाबत, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्याबाबत, एकच आग्रह धरा: माणसांचं केंद्र आणि जनावरांची छावणी जवळजवळ असावी. दूध संस्थेने संकलन तिथेच, काटा आणि कॅन नेऊन सुरू ठेवावं. रोजचं दूध तिथे मापलं जातंय म्हटल्यावर कुणाला गावात परत यायचं कारण उरत नाही. चोरीच्या भीतीनेही लोक थांबतात, तेव्हा रात्रीच्या गस्तीबद्दल पोलिसांशी आधीच बोलून घ्या.

राहिली बोट. माझं मत, घेऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. ती गावातलीच नाव होती आणि मदतीच्या भावनेनेच निघाली होती. शिकलेला चालक आणि दरवर्षी तपासलेलं इंजिन नसेल तर बोटीच्या भरवशावर लोक उशिरा निघतात, आणि उशीर हाच खरा घातक. त्या पैशांत दोर, पंधरा-वीस लाइफ जॅकेट, टॉर्च, कर्णा, ताडपत्र्या आणि पेंट घ्या. जे उरेल त्यातून ट्रॉलीच्या डिझेलसाठी रक्कम बाजूला ठेवा. बोट अग्निशमन दलाकडून किंवा एनडीआरएफकडून मागवायची. त्यासाठी तहसीलदारांना लेखी पत्र मे महिन्यातच द्या आणि पोच घ्या.

तुमच्या गावाचा बाहेर पडायचा रस्ता पहिल्यांदा कुठे तुटतो आणि माळाची जागा कुणाच्या नावावर आहे, एवढं कळवा. पट्टे कुठे मारायचे आणि जागेसाठी पंचायतीचा ठराव कसा लिहायचा, ते त्यावरून सांगता येईल.