अ‍ॅक्रिलिक लोकर आणि मॅलाकाइट ग्रीन: गुणधर्म, रंगाई आणि उरलेले पाणी

अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या लडी घरामागच्या शेडमध्ये रंगवण्यासाठी आपण मॅलाकाइट ग्रीनची भुकटी आणली आहे. ती सुती कापडावर चालेल का आणि उरलेले पाणी ब्लीचिंग पावडर टाकून नालीत सोडावे का, असे आपले प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे: तसे मुळीच करू नका. रंगाईचे पाणी आम्लधर्मी असते आणि आम्लात ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटू शकतो.

मॅलाकाइट ग्रीन म्हणजे रंगांच्या सूचीतला बेसिक ग्रीन ४. नाव खनिजावरून पडले असले तरी त्यात तांबे नसते. पाण्यात त्याचे कण धनभारित होतात, आणि अ‍ॅक्रिलिक धाग्यात सल्फोनेटसारखे ऋणभारित गट असल्यामुळे ते तेथे घट्ट बसतात. सुतात असे गट जवळजवळ नसतात. पूर्वी सुताला हिरड्यासारखे टॅनिन देऊन ते टार्टार इमेटिकने पक्के करीत. परंतु टार्टार इमेटिक हे अँटिमनीचे विषारी संयुग आहे आणि एवढे करूनही असा रंग सुतावर उन्हात लवकर विटतो. सुतासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंगच, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंगच, घ्यावेत.

अ‍ॅक्रिलिकवर खरी अडचण रंग चढण्याची नसून तो एकदम चढण्याची आहे. सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत धागा फारसा रंग घेत नाही. त्यापुढे मात्र तो इतक्या वेगाने ओढतो की लडीचा बाहेरचा भाग गडद आणि आतला फिका राहतो. म्हणून भुकटी आधी थोड्या अ‍ॅसेटिक आम्लात कालवून तिची गुठळीविरहित पेस्ट करावी, मग गरम पाणी घालावे, बाथचा, म्हणजे रंगाईच्या पाण्याचा, सामू (pH) ४ ते ५ ठेवावा, आणि ८० अंशांपासून उकळीपर्यंतचे तापमान दर दोन मिनिटांना साधारण एक अंश या गतीने चढवावे. कॅटायनिक रिटार्डर, म्हणजे रंग चढण्याचा वेग कमी करणारे धनभारित द्रव्य, वापरल्यास काम सोपे होते. कपड्यांची नेहमीची डिटर्जंट पावडर या बाथमध्ये पडू देऊ नये, कारण तिचा ऋणभारित घटक रंगाशी जुळून चिकट साका तयार होतो. रंगाई झाल्यावर बाथ हळूहळू निवू द्यावा. गरम लड एकदम गार पाण्यात टाकली तर तिचा मऊपणा जातो.

तोलताना विशेष जपावे. लोकरीच्या वजनाच्या अर्धा टक्का रंगाची छटा हवी असेल तर १०० ग्रॅम लोकरीला अर्धाच ग्रॅम रंग लागतो, पण भुकटी इतकी हलकी उडते की पंखा चालू असेल तर टेबलभर पसरते आणि ओल्या फडक्याने पुसताना मगच हिरवे ठिपके दिसू लागतात. ही भुकटी पोटात गेल्यास घातक आहे, डोळ्यांना गंभीर इजा करते, आणि गर्भाला अपाय करीत असल्याचा संशय तिच्यावर आहे. त्यामुळे गर्भवती स्त्रीने हे काम करू नये, इतरांनी नायट्राइल हातमोजे, बंद चष्मा आणि धुळीचा मास्क वापरावा, आणि स्वयंपाकाची भांडी व चमचे कधीही घेऊ नयेत.

आता पाण्याविषयी. हे द्रव्य जलचरांना अत्यंत विषारी आहे. माशाच्या शरीरात त्याचे ल्यूको रूप होते. ते रंगहीन असते आणि चरबीत दीर्घकाळ टिकते. कॉस्टिक सोड्यानेही पाण्याचा हिरवेपणा जातो, परंतु पुन्हा आम्ल घातले की तो परततो, म्हणजे द्रव्य तेथेच असते. बाथमधला रंग शक्य तेवढा लडीत उतरेपर्यंत ती उकळीत ठेवावी, उरलेले पाणी गार करून रंग शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशावर घ्यावे, आणि तो कोळसा व ते पाणी सांडपाणी प्रक्रियेची सोय असलेल्या रंगशाळेत, त्यांना आधी विचारून, द्यावे.

माझे मत विचाराल तर ही भुकटी दुकानदाराला परत करावी आणि अ‍ॅक्रिलिकसाठीचे बेसिक ब्लू ४१ व बेसिक यलो २८ घेऊन त्यांच्या मिश्रणाने हिरवा साधावा. सांडपाण्याची काळजी त्यांनाही तेवढीच लागते, पण ते उन्हात जास्त टिकतात. खरेदीच्या वेळी दोन्हींचा के-अंक, म्हणजे रंग धाग्यावर किती वेगाने चढतो ते दाखवणारा अंक, विचारून घ्यावा. तो जवळपास सारखा नसेल तर एक रंग आधी चढतो आणि छटा नमुन्याशी जुळत नाही.