मेळाव्याच्या टेबलावर एफटी८ ऐकवताना

प्रिय मित्रा,

हौशी रेडिओची परीक्षा झाली, परवाना अजून हातात यायचा आहे आणि तेवढ्यात यंदाच्या हॅमफेस्टला, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्याला, रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ रिसीव्हर) नेऊन एफटी८, म्हणजे संगणकाने उलगडायचे छोटे रेडिओ संदेश, ऐकवून दाखवायचं तू ठरवलंस. बेत उत्तम आहे. कॉल साइन (रेडिओवरचं ओळखनाव) मिळेपर्यंत हवेवर जायचं नाही, म्हणजे प्रक्षेपण करायचं नाही, त्यामुळे फक्त ऐकणं आणि डिकोड करणं (संदेश उलगडणं) एवढंच ठेवलंस हेही बरोबर.

हॅमफेस्ट इंडिया दरवर्षी वेगळ्या शहरात भरतो. म्हणजे सभागृह नवं, वीज नवी, इंटरनेटचा भरवसा नाही. घरी महिनाभर बिनतक्रार चाललेली जोडणी तिथे पहिल्या तासात रुसते आणि बहुतेक वेळा दोष रेडिओचा नसतोच. घड्याळ, वीज आणि गोंगाट या तिघांपैकी कुणीतरी घात करतं.

घड्याळापासून सुरू करतो, कारण सर्वात जास्त फजिती त्यानेच होते. एफटी८ची खेप १५ सेकंदांची असते. संदेश १२.६४ सेकंद चालतो आणि उरलेल्या वेळात संगणक तो उलगडतो. प्रत्येक खेप मिनिटाच्या ०, १५, ३० किंवा ४५व्या सेकंदाला धरायची असते. घड्याळ दोनेक सेकंदांनी चुकलं की वॉटरफॉलवर (पडद्यावर सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या पट्ट्यावर) रेघा ठळक दिसत राहतात, पण खाली एकही ओळ उमटत नाही. समोर उभ्या माणसाला वाटतं ॲन्टेना खराब आहे, आणि तूही तासभर केबलच तपासत बसतोस.

पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद होताना तो शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि चालू झाल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतो. रात्री नऊला बंद केलास आणि सकाळी इंटरनेटशिवाय चालू केलास, तर त्याच्या लेखी अजून रात्रीचे नऊच वाजलेले असतात. म्हणून सकाळी टेबल मांडलं की आधी फोनचं हॉटस्पॉट चालू कर, क्रोनीला (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला) दोन मिनिटं दे आणि वेळ जुळल्याची खात्री करून घे. त्यानंतर हॉटस्पॉट बंद केलं तरी चालतं. पायचा वेळ मोजणारा स्फटिक २० पीपीएमने (दहा लाखांत वीसने) चुकीचा धरला तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, म्हणजे आठ तासांच्या प्रदर्शनात जेमतेम ०.६ सेकंद. अट एकच, मध्ये पाय बंद होता कामा नये.

तो बंद होणारच असं धरून चालायचं असेल तर डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसव. त्याला ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच वीज दे. ५ व्होल्ट दिलेस तर दोन गोष्टी बिघडतात: आय-टू-सीच्या (मॉड्यूल आणि पाय यांच्यातल्या संवादाच्या) तारा ५ व्होल्टपर्यंत ओढल्या जातात, जे पायला सोसत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलांवर चार्जिंगचं सर्किट असतं, ते साध्या सीआर२०३२ सेलला चार्ज करू पाहतं. हा सेल चार्ज करायचा नसतो, तो फुगतो. यूएसबी जीपीएस लावलास तर तोही छान, फक्त पत्र्याच्या छताखाली त्याला उपग्रह दिसणार नाहीत. आधी मोकळ्या आकाशाखाली लॉक होऊ दे.

घड्याळ ठीक आहे का हे ओळखायला डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ उलगडणाऱ्या प्रोग्राममधला डीटीचा (वेळेतल्या फरकाचा, सेकंदांत) रकाना पाहा. एखाद्याच स्टेशनाचा आकडा वेगळा असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांचाच आकडा, समज, १.४च्या आसपास आला, तर चूक तुझ्याकडे आहे: तुझं घड्याळ पुढे आहे किंवा एसडीआरकडून आवाज उशिरा पोचतोय. एसडीआर सॉफ्टवेअर थोडा उशीर लावतंच, त्यामुळे ०.३-०.५ दिसलं तर घाबरू नकोस. हा रकाना लोकांना आवर्जून दाखव. वेळेचं महत्त्व इतक्या चटकन दुसऱ्या कशाने पटत नाही.

आता डाँगल. तुझ्याकडचं व्ही३ (तिसरी आवृत्ती) आहे, त्यामुळे २४ मेगाहर्ट्झच्या खाली डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल थेट चिपमध्ये घेणं) वापरावं लागेल, सेटिंगमध्ये क्यू शाखा निवडून. दुपारी १४.०७४ मेगाहर्ट्झ ठेव, दिवसा ७.०७४वर फार लांबचं येत नाही, तिथली गर्दी संध्याकाळची. डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये एक खोड आहे. चिपचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, म्हणून सगळं त्याच्या निम्म्या, म्हणजे १४.४भोवती आरशासारखं उलटतं: १४.७२६वर जे काही असेल ते १४.०७४वर येऊन बसतं. शिवाय डाँगल आठ बिटांचं. जवळपास आकाशवाणीचं मध्यम लहरींचं केंद्र असेल तर तेवढ्यानेच ते भरून जातं आणि वॉटरफॉल सगळीकडे फिकट पांढरा होतो. मध्यम लहरी अडवणारा हाय-पास फिल्टर ॲन्टेना आणि डाँगलच्या मध्ये लाव. ॲम्प्लिफायर घेण्याआधी फिल्टर घे. गर्दीत जोराने ऐकण्यापेक्षा नको ते न ऐकणं जास्त कामाचं.

पायवरच्या लिनक्समध्ये डाँगल लावल्याबरोबर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) टीव्हीसाठीचा ड्रायव्हर ते बळकावतो आणि तुझ्या प्रोग्रामला ते मिळत नाही. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये टाकून पाय पुन्हा चालू कर. मित्राकडून व्ही४ उसनं आणणार असशील तर आधी घरी तपास: डाँगल चालवणाऱ्या जुन्या लायब्ररीला ते नीट कळत नाही, फ्रिक्वेन्सी भलतीच दिसते. जीक्यूआरएक्समधून (डाँगल ऐकवणाऱ्या प्रोग्राममधून) आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्सकडे न्यायला आभासी साउंड कार्ड बनव, दोन्हीकडे ४८,००० हर्ट्झ ठेव, मोड यूएसबी (इथे अप्पर साइडबँड) आणि फिल्टर निदान ३ किलोहर्ट्झ रुंद. कुणी बोलत नसताना डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डाव्या कोपऱ्यातली आवाजाची पट्टी ३० डेसिबेलच्या आसपास असावी. लाल झाली तर आवाज कमी कर. जोराचा आवाज डिकोड वाढवत नाही, कमीच करतो.

ॲन्टेनासाठी डोक्याला ताप नको. १४.०७४साठी अर्ध्या लहरीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार), एकेक बाजू ५ मीटर आणि थोडी जास्त, विजेच्या दुकानातली साधी १ चौरस मिलिमीटरची तार. खिडकीतून बाहेर, इमारतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी. केबलचे दहाएक वेढे फेराइट रिंगवर (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) घे, नाहीतर सभागृहातला सगळा कचरा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आत चालत येतो. त्या सभागृहात शंभर चार्जर आणि एलईडी दिवे असणार, आणि प्रत्येक जण एकेक लहानसा ट्रान्समीटरच असतो.

म्हणूनच तू स्वतः बॅटरीवर चाल. पाय आणि डाँगल मिळून साडेसहा वॉट धर. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास, पण लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही. हाती आले ४२, कन्व्हर्टरचा तोटा वजा जाता साडेपाच तास. एक दुपार नक्की निघते. मात्र स्वस्त बक कन्व्हर्टर (१२चे ५ व्होल्ट करणारा) स्वतःच गोंगाट करतो. तो धातूच्या डबीत ठेव आणि दोन्ही बाजूंना फेराइट लाव. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकली तर व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलंय. दहापैकी नऊ वेळा दोषी असते ती बारीक, लांब यूएसबी केबल.

आदल्या रात्री काहीही अपडेट करू नकोस. चालणाऱ्या कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून खिशात ठेव. आणि हे नक्की कर: घरी चांगल्या दुपारी सगळ्या खेपा जतन करायचा पर्याय चालू करून तासभर रेकॉर्ड कर. एक खेप ३६० केबी, तासाच्या २४०, म्हणजे ८६ एमबी. सभागृहात काहीच ऐकू आलं नाही तर याच फाइल उघडून सगळं दाखवता येतं. फक्त हे रेकॉर्डिंग आहे असं लिहिलेला कागद शेजारी ठेव. लोक विश्वासाने बघत असतात.

अडलास तर विचारायला मेळाव्याहून चांगली जागा नाही, पण नुसतं 'चालत नाही' म्हणू नकोस. कोणती आवृत्ती, शेवटी काय बदललं, कर्नलच्या नोंदीत कोणती ओळ आली हे लिहून आण. जमलं तर न उलगडलेली खेपही फाइलसकट. सोर्स खुला असण्याचा खरा उपयोग तिथे दिसतो. डब्ल्यूएसजेटी-एक्समागचे जो टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, तरी त्यांच्या प्रोग्रामची एकेक ओळ तुला वाचता येते, बदलता येते. आणि आपल्या शेजारी हैदराबादला अशहर फरहान यांनी बिटएक्स या घरी बांधायच्या रेडिओचा आराखडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, त्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशरही चालतात. त्यांच्याच एसबिटएक्स या रेडिओच्या पोटात तुझ्याकडे आहे तोच रास्पबेरी पाय बसलेला आहे. मेळाव्यात कुणी तो आणलेला दिसला तर झाकण उघडून दाखवायला सांग, आणि आवाज रेडिओपासून पडद्यापर्यंत कुठून कुठे जातो ते बोट ठेवून विचार.

जुन्या सामानाच्या टेबलांवर पैसे जपून खर्च कर. पहिली खरेदी नॅनोव्हीएनए (ॲन्टेना तपासायचं छोटं यंत्र) असू दे, आणि घेण्याआधी तिथेच त्याच्या किटमधले ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन जोड लावून कॅलिब्रेट करून बघ. लोड लावल्यावर एसडब्ल्यूआरची (जुळणी किती चांगली ते सांगणारी) रेघ १वर स्थिर बसली नाही, तर सोडून दे. एसएमएचे (डाँगलवरचे आट्यांचे) जोड शंभरदा फिरवायचे नसतात, म्हणून डाँगलला हातभर लवचीक केबल कायमची लावून ठेव आणि सगळी जोडाजोड तिच्या दुसऱ्या टोकाला कर.

आयबॉल (प्रत्यक्ष भेट) होईलच. टेबल मांडून झालं की डीटीचा रकाना काय म्हणतो ते कळव.

७३ (शुभेच्छा)