प्रेअरी डॉगसाठी .१७ एचएमआर, .२२ मॅग्नम की .२२३? आणि तेच गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रानडुकरांसाठी चालेल का?

तुमच्या भावाला अमेरिकेतल्या वायोमिंगच्या कुरणात प्रेअरी डॉग (बिळात राहणारे खारीच्या कुळातले प्राणी) मारायचे आहेत, तर या तीन काडतुसांपैकी माझं मत .२२३ रेमिंग्टन. ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे ३,२०० फूट वेगाने सुटते, अडीचशे-तीनशे यार्डांपर्यंत नेम धरता येतो, खांद्याला धक्का मामुली आणि काडतुसं तिथे कुठेही मिळतात. .२२-२५० हे आणखी एक काडतूस याहून वेगवान, पण सलग फैरी झाडल्या की नळी लवकर तापते आणि झिजते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत दिवसभर गोळ्या झाडायच्या असतात, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो.

.१७ एचएमआर म्हणजे .२२ मॅग्नमचंच काडतूस, तोंडाशी आवळलेलं. १७ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,५५० फूट. शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत सुरेख, आवाजही कमी. मात्र गोळी इतकी हलकी की त्या माळावरचा आडवा वारा तिला सहज ढकलतो. शिवाय .१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम ही दोन्ही रिमफायर (पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असलेली), म्हणजे रिकामी काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. .२२३ची येतात.

आता कुळागरात घुसणाऱ्या रानडुकरांचं. इथे यातलं काहीही चालणार नाही. रानडुकराला १७ ग्रेनची गोळी फक्त जखमी करील, आणि जखमी डुक्कर माणसावर येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला तरी त्यात शिकारीची मुभा नसते. नुकसान झालं असेल तर फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, आणि सौर कुंपणाचा विचार नक्की करा.