वाचक विचारतात : सह्याद्री कोणाच्या धडकेतून उभा राहिला?

प्रश्न : शाळेत हिमालय शिकवताना दोन भूखंडांची धडक सांगते. मुलं लगेच विचारतात, मग आपला सह्याद्री कोणाच्या धडकेनं झाला? त्यांना काय सांगावं? – एक शिक्षिका, दादर

उत्तर : कोणाच्याच नाही, असं बेधडक सांगा. सह्याद्री धडकेतून नव्हे, फाटण्यातून घडला. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. झिजून आज जो पसारा उरलाय तोच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर म्हणजे या थरांची चळत. त्यानंतर, 6.3 कोटी वर्षांच्या आसपास, पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला. त्याचाच एक तुकडा म्हणजे सेशेल्स बेटं, आज मुंबईहून सव्वातीन हजार किलोमीटरवर. मागे राहिलेली तुटकी कड पावसानं झिजत पूर्वेकडे हटत गेली, तोच घाटाचा कडा.

तरीही पर्वतांचा या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो वर्गात जरूर सांगावा. जुनं पोलकं उसवतं ते शिवणीवर. भूखंडांचंही तसंच. फार पूर्वी जिथे दोन तुकडे सांधले गेले, पर्वत उठले आणि झिजून सपाटही झाले, तिथला सांधा कोट्यवधी वर्षं कच्चा राहतो. नर्मदेची खचदरी, म्हणजे ताणानं जमीन खचून झालेली दरी, सातपुड्याच्या जुन्या गिरिजननाच्या, म्हणजे पर्वत उठण्याच्या, दिशेनं उघडली, कच्छची दिल्ली-अरवलीच्या दिशेनं, आणि पश्चिम किनारा धारवाडच्या फार जुन्या खडकांच्या दिशेनं. नकाशावर या तीन रेघा मुलांकडून काढून घ्या, एकदा काढल्या की विसरत नाहीत. हे सांधे आजही शांत नाहीत. 1997 चा जबलपूरचा भूकंप नर्मदेच्या पट्ट्यातला, 2001 चा भूजचा कच्छच्या खचदरीतला. तिथे एके काळी ताणानं उघडलेल्या भेगा आता भारत उत्तरेकडे रेटला जात असल्यामुळे दाबल्या जातायत.

फाटल्यावर लाव्हा का येतो, हा पुढचा प्रश्न येणारच. कवचाखालचा खडक प्रचंड तापलेला असूनही वरच्या दाबामुळे घनच असतो. कवच ताणून पातळ झालं की तो वर सरकतो, दाब उतरतो आणि उष्णता न वाढवताही तो थोडा वितळतो. कुकरखालचा गॅस बंद केला तरी शिट्टी उचलल्याबरोबर आतलं पाणी खदखदतं, तोच प्रकार. आपल्याकडे त्यात आणखी भर पडली, कारण आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असलेला उष्ण झोत तेव्हा या भूमीच्या खाली होता.

प्रश्न : मुंबईच्या खडकांचे थर समुद्राकडे कललेले आहेत असं वाचलं. हौशी माणसाला हा कल मोजता येईल का? काय साहित्य लागेल? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल. आधी फरक डोळ्यांत भरू द्या. नेरळहून माथेरानकडे पाहिलं तर थर जवळपास आडवे दिसतात. पश्चिमेला मुंब्रा-पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे वाकतात. यालाच पनवेलचं नमन म्हणतात. मुंबईत हा कल बऱ्याच ठिकाणी 10 ते 20 अंश असतो. किनाऱ्याचं कवच ताणलं गेलं, पातळ झालं आणि खचलं, म्हणून हे वाकणं. कोकणात लाव्हानं भरलेल्या उभ्या भेगा, म्हणजे भित्ती, बहुतेक उत्तर-दक्षिण धावतात. ताण पूर्व-पश्चिम होता, याची ती खूण.

साहित्य थोडकं : कोनमापकाचं अ‍ॅप असलेला फोन, जाड पुठ्ठ्याची वही, पाण्याची बाटली, मऊ ब्रश. हातोडा नको, राष्ट्रीय उद्यानात तर नकोच.

सगळी मदार योग्य पृष्ठभाग निवडण्यावर आहे. दोन लाव्हाथरांमधला तांबड्या मातकट खडकाचा पट्टा शोधा. त्याच्या खालच्या लाव्हाच्या माथ्यावर गोल पोकळ्यांची गर्दी असते आणि त्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. वरच्या लाव्हाच्या तळाशी कधी उभ्या नळीसारख्या पोकळ्या सापडतात. दोन्ही दिसलं तर पट्टा खरा. ब्रशनं कड साफ करा, वही पृष्ठभागावर टेकवा आणि वर पाण्याची बारीक धार सोडा. ओघळ जिकडे जाईल ती नतीची, म्हणजे कलाची, दिशा, त्याच्याशी काटकोनात नतिलंब, म्हणजे थराची आडवी रेषा. आता फोनची लांब बाजू ओघळाच्या रेषेवर ठेवा आणि अंश वाचा. वही चार-पाच ठिकाणी हलवून सरासरी घ्या, एकाच वाचनावर भरवसा ठेवू नका.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, होकायंत्र. बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या लाव्हाखडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे खडकाला टेकवलेला काटा भरकटतो. फोनचा उताराचा कोन गुरुत्वावर चालतो, तो बरोबर येतो. दिशा मात्र खडकापासून दोन-तीन पावलं दूर उभं राहून घ्या. सावलीचा उपाय त्याहून भरवशाचा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत 12 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली नेमकी उत्तरेला पडते.

दुसरी चूक जास्त फसवते. खाणीच्या एकाच कड्यावर दिसणारा कल खरा नसतो. खरी नती 15 अंश असेल आणि कडा तिच्या दिशेशी 60 अंशांनी तिरका असेल, तर डोळ्यांना जेमतेम 7-8 अंश दिसतात. म्हणून निदान दोन वेगळ्या दिशांचे कडे पाहा.

तिसरी, खडक थंड होताना पडलेल्या भेगांना थर समजणं. कान्हेरीला तर थर शोधतच बसू नका. ती लेणी ज्वालामुखीच्या ब्रेशियात, म्हणजे तुकडे एकत्र घट्ट झालेल्या खडकात, कोरलेली आहेत.

प्रश्न : आमची गिल्बर्ट हिल ही टेकडी 6.6 कोटी वर्षांची आहे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं आहे का? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : नाही. तो आकडा दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा आहे. खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीनं गिल्बर्ट हिलचं वय 6.05 कोटी वर्षांच्या आसपास निघालं. मनोरी आणि साकीनाक्याचे फिक्या रंगाचे ट्रॅकाइट खडकही साधारण 6 ते 6.2 कोटींचे. म्हणजे घाटावरचा लाव्हाचा मोठा पूर ओसरल्यानंतरही, सेशेल्स दूर चाललेलं असताना, मुंबईत ज्वालामुखी जागेच होते. मधल्या शांततेत इथे गोड्या पाण्याची तळी होती. वरळीला लाव्हाथरांच्या मधल्या गाळात सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन 1847 सालीच झालंय. सुमारे 61 मीटर उंच टेकडी पाहायला गेलात, तर तिच्या दगडी खांबांना उभ्या दिशेनं न्याहाळा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात. बहुतेक खांब सहाच्या आसपास कडांचे, पण पाच आणि सात कडांचेही भेटतील. सावली तिरकी असताना, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, कडा नीट मोजता येतात.