केकसाठी मैदा कपाने मोजू की डिजिटल वजनकाट्यावर?

वजनकाट्यावरच मोजा. कप तोच असला तरी मैदा चमच्याने हलका भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, कप थेट डब्यात खुपसून भरला तर १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातो. केक कोरडा होतो तो बरेचदा इथेच, आणि बोल मात्र ओव्हनला लागतो. काट्यावर रिकामं भांडं ठेवून 'टेअर'चं बटण दाबा, आकडा शून्य झाला की मैदा घाला, पुन्हा शून्य करून त्याच भांड्यात साखर. (धुवायची भांडीही कमी.) फक्त बेकिंग पावडर, सोडा, यीस्ट यांना मापाचा चमचाच बरा: एकेक ग्रॅमने आकडा बदलणारा काटा २-३ ग्रॅमसाठी भरवशाचा नसतो, चिमूटभर घातलेलं तर त्याला कळतही नाही.