घर किती रात्री भरायला हवं? नाशिकच्या होमस्टे मालकांचे प्रश्न

दिवसांच्या हिशेबाने घर भाड्याने देणाऱ्यांची पत्रं गेले काही महिने वाढली आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो: बुकिंग कमी आहेत, भाव पाडू का? त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूला आमचा तीन बेडरूमचा बंगला आहे, स्विमिंग पूल आहे. वर्षाची ऑक्युपन्सी ३४ टक्के निघाली. इंदिरानगरला मित्राचा वन बीएचके ७० टक्के भरतो. आमचा वीकेंडचा भाव ९,००० आहे. तो ७,५०० करावा का?

करू नका. आधी ३४ टक्के म्हणजे काय ते बघू. ३६५ रात्रींपैकी १२४ रात्री घर भरलं. वर्षात शुक्रवार आणि शनिवार मिळून १०४ रात्री येतात, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के. तुमच्याकडे येतात ते मुख्यतः मुंबई-पुण्याचे ग्रुप, द्राक्षबागा आणि वायनरी बघायला, तेही सुट्टीच्या दिवशी. सगळे वीकेंड भरूनही तुम्ही तिशीच्या आतच राहता. ३४ टक्के याचा अर्थ वीकेंड जवळपास भरलेले आहेत आणि वर थोड्या जोडसुट्ट्याही मिळाल्या आहेत. मित्राच्या फ्लॅटवर कंपनीच्या कामाने येणारा माणूस मंगळवारीही उतरतो. त्याचं गिऱ्हाईक वेगळं, त्याचा आठवडा वेगळा. दोघांचे टक्के शेजारी ठेवून काही कळणार नाही.

आता भाव पाडल्याचा हिशेब. १०४ रात्रींवर प्रत्येकी १,५०० सोडले तर वर्षाला १,५६,००० गेले. ते आठवड्यातल्या मधल्या दिवसांतून भरून काढायचे म्हणा. सोमवार ते गुरुवार ४,५०० ला घर गेलं आणि चादरी, साफसफाई, वीज, बुकिंग पोर्टलचं कमिशन यात १,५०० गेले, तर हातात ३,००० उरतात. म्हणजे नुसती तूट भरायला ५२ जादा रात्री हव्यात, दर आठवड्याला एक. शनिवारचा भाव कमी केला म्हणून बुधवारी कोणी येत नाही, हे तुम्हीही जाणता.

तुमच्याकडे खरी रिकामी जागा रविवारच्या रात्रीची आहे. गिऱ्हाईक घरात आहेच, ते फक्त जेवून निघायच्या घाईत असतं. शनिवारी उतरलेल्यांना रविवारची रात्र निम्म्या भावात द्या आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगा. रविवारी सकाळी सांगून उपयोग नाही, तोवर त्यांचं परतीचं ठरलेलं असतं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसाऱ्याचा घाट टळला. त्यामुळे सोमवारी पहाटे निघून कामावर पोहोचणं आता अनेकांना जमतं. याच रस्त्याने सकाळी येऊन संध्याकाळी परतणारेही वाढतील, म्हणून मुक्कामाला काही कारण द्यावं लागेल. संध्याकाळची चूल, हुरडा, सकाळी बागेत फेरी, जे तुमच्या हातात असेल ते.

आणि एक आकडा लिहून ठेवायची सवय लावा: वर्षाची एकूण कमाई भागिले ३६५. ऑक्युपन्सी वाढून हा आकडा घसरत असेल, तर तुम्ही जास्त राबून कमी कमावताय.

प्रश्न : पंचवटीत रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर आमचा फ्लॅट आहे. गेल्या वर्षी जुलैअखेरपासून ऑगस्टभर घर भरलेलं होतं. यंदा, २०२६ ला, जुलैअखेरच्या तारखांना काहीच हालचाल नाही. पोर्टलवर आमचं घर मागे पडलं असेल का?

पोर्टलच्या आधी पंचांग उघडा. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला होता. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला त्र्यंबकला सगळ्यात मोठी गर्दी होते ती तिसऱ्या श्रावणी सोमवारी. गेल्या वर्षी तो ११ ऑगस्टला होता, यंदा ३१ ऑगस्टला आहे. गिऱ्हाईक कुठे गेलेलं नाही, वीस दिवस पुढे सरकलं आहे. नवरात्र, दिवाळी सगळंच सरकलं. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ८ नोव्हेंबरला.

पोर्टल तुम्हाला मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करून दाखवतं आणि ‘मागणी कमी आहे, भाव उतरवा’ असा सल्ला देतं. त्याला तिथी कळत नाही. देवदर्शनाच्या गिऱ्हाइकावर ज्याचं घर चालतं, त्याने मागच्या वर्षीचा हिशेब तिथीप्रमाणे मांडावा. वहीत तीन रकाने करा: तारीख, तिथी, पाहुणे कुठून आले. दोन वर्षांत तुमचं स्वतःचं कॅलेंडर तयार होईल आणि ते कोणत्याही ॲपपेक्षा खरं निघेल.

त्या तिसऱ्या रकान्याचा उपयोग दिवाळीनंतर होतो. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत गुजरातमधले व्यापार बंद असतात. सुरत, वापी, नवसारीची कुटुंबं सापुताऱ्याच्या नाहीतर पेठच्या रस्त्याने उतरतात आणि त्र्यंबक, नाशिक, शिर्डी असा फेरा करतात. मोठं कुटुंब, दोन गाड्या, स्वयंपाकघर हवंच. या आठवड्यासाठी घर एका रात्रीला देऊ नका, किमान दोन रात्री ठेवा.

आणखी एक. रामकुंडावर स्नान करून आलेली माणसं ओले कपडे घेऊन येतात. आठ माणसांचे पंचे, साड्या, टॉवेल. गॅलरीत एकच दोरी असेल तर ते सोफ्याच्या पाठीवर वाळत पडतात, आणि मग सोफ्याला वास येतो म्हणून पुढचा पाहुणा तक्रार करतो. कपडे वाळवायचे, घडी होणारे दोन स्टँड आणून ठेवा. पंधरा लिटरचा गिझर पहाटे चारला उठणाऱ्या सहा जणांना पुरत नाही, त्याचीही सोय बघा. यात्रेकरूंच्या घराचे रिव्ह्यू बिघडतात ते बहुतेक या दोन गोष्टींवर.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरला दोन खोल्या आहेत. वीकेंडला भरतात, बाकी आठवडा मोकळा. तिथे वाइनवाले येणार नाहीत, मग मधल्या दिवसांत कोण येणार?

तुमच्याकडे मधल्या दिवसांचं गिऱ्हाईक नाशिकमध्ये सगळ्यात पक्कं आहे. नारायण नागबळीचा, म्हणजे पितरांच्या शांतीचा, विधी तीन दिवस चालतो आणि मुहूर्त वार बघून येत नाही. ही मंडळी लांबून येतात, आदल्या दिवशी पोहोचतात, म्हणजे सलग तीन ते चार रात्री. एकदाच साफसफाई, एकदाच चादरी.

पण त्यांना हव्या त्या गोष्टी लिस्टिंगवर स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळेल का, पहाटे चहा आणि गरम पाणी मिळेल का, वयस्कर माणसांसाठी खोली तळमजल्यावर आहे का. विधी करणाऱ्या गुरुजींशी ओळख ठेवा, मुहूर्ताच्या तारखा आधी विचारून घ्या आणि त्या रात्री वीकेंडच्या एका रात्रीच्या पार्टीला देऊन मोडू नका. पितृपक्षात बहुतेक घरमालक ‘भाकड काळ’ म्हणून रंगकाम काढतात. त्र्यंबक आणि पंचवटीच्या मालकांनी तसं करू नये. श्राद्धविधींसाठी लोक येतातच, आणि दुःखात आलेल्या माणसाला नीट खोली मिळणं फार गरजेचं असतं.

प्रश्न : मे महिन्यात काय करावं?

बागेतला बंगला असेल तर डागडुजी, पूलचं काम, वॉटरप्रूफिंग पावसाआधी उरकून घ्या. शहरातला फ्लॅट असेल तर लग्नाच्या वऱ्हाडाला द्या. मंगल कार्यालयांशी आधीच बोलून ठेवायला हवं, आयत्या वेळी हे जमत नाही. यंदा अर्धा मे अधिक महिन्यात गेल्याने लग्नं कमी, पण रामकुंडावर स्नानाला येणारे जास्त.

प्रश्न : कुंभमेळा येतोय. आडगावकडे कर्ज काढून टू बीएचके घेऊन तो कुंभासाठी भाड्याने द्यायचा विचार आहे. दलाल म्हणतो दोन वर्षांत पैसे वसूल.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आहे आणि मला त्याची काळजी वाटते.

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि सिंहस्थ २४ जुलै २०२८ पर्यंत चालेल. ऐकायला एकवीस महिने, पण अमृतस्नानं, म्हणजे मुख्य स्नानं, आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि नाशिकला ११, त्र्यंबकला १२ सप्टेंबर २०२७. प्रत्येक स्नानाभोवती तीन रात्री चढ्या भावाने गेल्या असं धरलं, तरी नऊ-दहा रात्री होतात. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते २४०. नऊ-दहा रात्रींवर २४० हप्ते उभे राहत नाहीत, भाव कितीही लावा. पुढचं सिंहस्थ बारा वर्षांनी.

शिवाय २०१५ ची पर्वणी आठवा. वाहनं शहराबाहेरच थांबवली होती, लोक मैलोन्‌मैल चालले. अशा दिवशी घाटापासून चालत येण्याजोगं घर भरेल. आडगावहून गाडी निघाली तर कुठे अडेल ते बंदोबस्त ठरवेल. आणि तुमचं वीकेंडचं नेहमीचं गिऱ्हाईक त्या दिवसांत नाशिककडे फिरकणार नाही, तीही तूट धरा.

फ्लॅट नेहमीच्या वर्षात, कुंभ नसताना, हप्ता भागवत असेल तरच घ्या. आडगावसारख्या ठिकाणी रात्रीचं भाडं सोडून महिन्याचा विचार करा. कुंभाच्या कामांसाठी इंजिनियर, ठेकेदारांची माणसं, कर्मचारी महिनोन्‌महिने राहायला येतील. महिन्याच्या भाड्याचा आकडा लहान दिसतो, पण तो दर महिन्याला येतो. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या.

ज्यांची घरं आधीच आहेत त्यांना एक कळकळीची विनंती: घेतलेलं बुकिंग जास्त पैसे मिळतात म्हणून रद्द करू नका. कोणी म्हातारी आई घेऊन हजार किलोमीटरवरून स्नानाला निघालेलं असतं. ऐन वेळी त्यांना रस्त्यावर आणणं हे नाशिकच्या नावाला लागेल.

प्रश्न : नातेवाइकांसाठी अडवून ठेवलेल्या रात्री ऑक्युपन्सीत धरायच्या का?

भरलेल्या धरू नका, विकायला होत्या त्यातूनही काढून टाका. महिन्यात तीस रात्रींपैकी सहा घरच्यांसाठी ठेवल्या आणि बारा विकल्या, तर बारा भागिले चोवीस, म्हणजे ५० टक्के. त्या सहा रात्री वेगळ्या लिहा आणि त्यातल्या शनिवार किती होते ते मोजा. नातेवाइकांना मंगळवार-बुधवार सुचवता आला तर दोघांचीही सोय होते.