ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंड्यांत शोभेची कोणती झाडं टिकतील? पिटुनिया तर सगळे वाळले.

अहो, पिटुनिया हिवाळ्याचं झाड आहे, एप्रिलमध्ये वाळणारच, त्यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि वरून लू (म्हणजे गरम वारा), तेव्हा सदाफुली, झिनिया, गॉम्फ्रेना आणि ऑफिस टाइम (म्हणजे पोर्टुलाका) हेच खरे गडी. कोचियापण छान, फुलं नाही पण हिरवागार गोल झुपका होतो.

एकाच मोठ्या कुंडीत, म्हणजे १४ इंची वगैरे, मधोमध कोचिया, बाजूनं सदाफुली आणि काठावर ऑफिस टाइमच्या काड्या खोचून द्या, ती खाली लोंबते आणि मस्त दिसते. काड्या बोटभर लांब तोडायच्या, खालची पानं काढायची, बस, मुळं आपोआप फुटतात. फक्त तिला ऊन पाहिजे, सावलीत फुलं उघडतच नाहीत.

खरी गडबड पाण्याची होते. दुपारी पानं मलूल दिसली की लोक लगेच पाण्याचा मग घेऊन धावतात, पण सदाफुलीची मुळं सतत ओली राहिली की कुजतात आणि झाड उभंच्या उभं जातं, म्हणून आधी बोट घालून बघा, वरची इंचभर माती कोरडी असेल तरच द्या आणि तेही सकाळी लवकर. मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या नकोच, भट्टीसारख्या तापतात. मातीच्या घ्या, आणि फरशीवर थेट न ठेवता खाली विटा लावा.